‘उंदीर नीट व्हायलेत, मग आमचं लेकरू का व्हईना?’ : फ्रॅजाइल एक्सचं एक प्रकरण

पाथरी तालुक्यातलं हे कुटुंब सहा वर्षांच्या मुलाला घेऊन परभणीला माझ्याकडे आलं, तेव्हा त्यांचं जवळजवळ ठरलेलं होतं. पाटाखालची एक एकर विकायची आणि दूरच्या एका शहरात मुलाला ‘स्टेम सेल’ची, म्हणजे इतर पेशी घडवणाऱ्या मूळ पेशींची इंजेक्शनं द्यायची. गिऱ्हाईक मिळालं होतं, इसार तेवढा व्हायचा होता. त्या दवाखान्याला मुलाचे जुने रिपोर्ट आणि विकासाच्या तपासणीचा एक ताजा कागद हवा होता, तेवढ्यासाठी ते आले होते. सल्ला कुणी मागितला नव्हता.

कुटुंबाच्या संमतीनं हे लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आजाराचे आणि नात्यांचे तसेच ठेवले आहेत, कारण या प्रकरणाचा सगळा गाभा नात्यांमध्येच आहे.

मुलाला तिसऱ्या वर्षी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकानं अंगणवाडीत तपासून जिल्हा रुग्णालयात पाठवलं होतं. तिथं ‘बोलायला उशीर, स्वमग्नतेची लक्षणं’ असा शेरा मिळाला. पुढं तीन वर्षं वेगवेगळ्या शहरांत फिरणं झालं. मेंदूचा एमआरआय नॉर्मल, गुणसूत्रांची तपासणी नॉर्मल, आणि बराच पैसा घालून केलेली एक्झोम, म्हणजे जनुकांतली अक्षरं वाचणारी तपासणीसुद्धा नॉर्मल. वडिलांनी सगळे कागद टेबलावर मांडले आणि म्हणाले, “मॅडम, सगळंच नॉर्मल हाय, मग लेकरू असं का?”

मूल खोलीत आलं ते भिंतीकडे तोंड करून. मी त्याच्याकडे पाहिलं की मान वळवायचा. मी कागदात डोकं घातलं की हळूच माझ्याकडे बघायचा. अंगठ्याच्या मुळाशी चावून चावून घट्टा पडलेला. चेहरा लांबट, कान मोठे आणि थोडे पुढे आलेले, तळवे मऊ, बोटं मागे सहज वळणारी. “नाव काय तुझं?” असं विचारलं की “काय तुझं, काय तुझं” असं घाईघाईनं म्हणायचा आणि हात फडफडवायचा. आईनं सांगितलं, एकदा पाहिलेली वाट तो विसरत नाही. मानवत रोडला गाडी थांबली की आता कुठल्या फाट्याला वळायचं ते हात करून दाखवतो. पण गावात वरात निघाली, हलगी वाजायला लागली की कान दाबून ज्वारीच्या कणगीमागे जाऊन बसतो, ते वरात गेल्यावर तासाभरानं बाहेर येतो.

मी वंशावळ काढायला घेतली. आई-वडिलांचं लग्न नात्यातलं होतं. वडिलांनी मामाची मुलगी केली होती, म्हणजे मुलाच्या आईची आत्याच तिची सासू. मराठवाड्यात यात नवल काही नाही. घरात सगळ्यांनी दोषही त्यालाच दिला होता. जिल्ह्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांनीही “नात्यात लग्न केलं की असंच होतं” असं सांगून विषय संपवला होता. सुनेला टोमणे होतेच. आईच्या वडिलांविषयी विचारलं तेव्हा कळलं की साठीनंतर त्यांचा हात थरथरतो, चहाची बशी तोंडापर्यंत नेताना निम्मी सांडते, बांधावरून चालताना तोल जातो. ‘कंपवात’ म्हणून त्यांना गोळ्या सुरू होत्या, पण गुण नव्हता. सासूबाईंना विचारलं, त्यांची पाळी अडतिसाव्या वर्षीच बंद झाली होती. आपल्या भागात ही खूण बरेचदा हाती लागत नाही. पस्तिशीच्या आतबाहेर गर्भपिशवी काढून टाकलेल्या बायका इतक्या आहेत की पाळी आपोआप कधी गेली असती, हे कळायला मार्गच राहत नाही. इथं ती हाती लागली.

थरथरणारे आजोबा, पाळी लवकर गेलेली त्यांची बहीण आणि हा नातू. एकाच घरातल्या या तीन खुणा एका रेषेत आल्या की फ्रॅजाइल एक्स हा आनुवंशिक आजार तपासल्याशिवाय पुढं जाऊ नये. वडिलांना मी एवढंच म्हटलं, रक्ताचा एक नमुना हैदराबादला पाठवू, रिपोर्ट येईपर्यंत इसार घेऊ नका.

रिपोर्ट आला. मुलाच्या एफएमआर-वन जनुकात सीजीजी ही डीएनएची तीन अक्षरं दोनशेहून जास्त वेळा लागोपाठ आलेली होती आणि जनुक पूर्ण बंद होतं. आईच्या दोन प्रतींपैकी एकीत ९२.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि ते १९९१ मध्ये सापडलं. बहुतेक माणसांत ही तीन अक्षरं साधारण पाच ते चव्वेचाळीस वेळा येतात. पंचावन्न ते दोनशेपर्यंत असतील तर त्या व्यक्तीला वाहक म्हणतात. उतारवयातली थरथर, तोल जाणं आणि बायकांत पाळी लवकर जाणं या वाहकांतल्या खुणा असू शकतात. दोनशेच्या पुढं गेली की पेशी त्या जागेवर रासायनिक कुलूप घालते आणि जनुक गप्प होतं. अक्षरं चुकलेली नसतात, फक्त फार वेळा आलेली असतात. एक्झोम तपासणीत डीएनएचे छोटे तुकडे वाचतात. एकच अक्षरं शेकडो वेळा आलेली असतील तर ती लांबी त्या तुकड्यांतून मोजता येत नाही. म्हणून एवढी महाग तपासणी ‘नॉर्मल’ आली. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नतेची लक्षणं असलेल्या मुलाला एक्झोमच्या आधी ही साधी, स्वस्त तपासणी सांगायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं.

आता नात्याचं. हा आजार नात्यातल्या लग्नामुळं झालेला नव्हता. मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो, तेव्हा वडील नात्यातले असोत नाहीतर परक्या मुलखातले, फरक पडला नसता. आईला तो तिच्या वडिलांकडून आला. वडिलांकडून मुलीकडे जाताना ही संख्या वाहक पातळीवरच राहते, आईकडून मुलाकडे जाताना फुगते, आणि ९२ च्या आसपास असेल तर फुगण्याची शक्यता फार मोठी असते. पण आजोबांना तो कुठून आला? त्यांच्या आईकडून. त्यांच्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे मुलाच्या आजीलाही तो तिथूनच मिळालेला असू शकतो. अडतिसाव्या वर्षी गेलेली पाळी तेच सांगत होती. नात्यातल्या लग्नानं आजार आणला नाही, पण जोखीम घराच्या दोन्ही अंगांना पसरलेली असू शकते, हे त्यामुळं घडलं. ज्या सासूबाई सुनेच्या माहेराला बोल लावत होत्या, ते माहेर त्यांचंही होतं.

हे मी सगळ्यांसमोर नाही सांगितलं. आधी सासूबाईंना एकटीला बसवून सांगितलं. त्या बराच वेळ पदराचं टोक चुरत बसल्या. मग म्हणाल्या, “माझं बी रक्त घ्या.”

एवढ्यात आईच्या धाकट्या भावानं, जो इंजिनिअरिंगला आहे, आजाराचं नाव फोनवर शोधलं. त्याला दोन बातम्या सापडल्या. एक, बंगळुरू आणि एडिनबराच्या संशोधकांनी फ्रॅजाइल एक्स असलेल्या उंदरांची स्मरणशक्ती सुधारली. दुसरी, अमेरिकेत या आजाराच्या मुलांच्या स्टेम सेलमध्ये बंद जनुक पुन्हा चालू केलं. दोन्ही खऱ्या. इंजेक्शनवाल्या दवाखान्यालाही त्यांनी फोन केला, तर तिथून उत्तर आलं, फ्रॅजाइल एक्सलाही आमचं चालतं. मग वडील पुन्हा आले, आणि या वेळी खरोखर विचारायला आले : “मॅडम, उंदीर नीट व्हायलेत म्हनं, मग आमचं लेकरू का व्हईना?”

या प्रश्नाला झटकून टाकणारं उत्तर देणं मला मान्य नाही. ज्या बापानं एक एकरावर पाणी सोडायची तयारी केली आहे, त्याला उंदरांची गोष्ट पूर्ण कळण्याचा हक्क आहे.

बंद पडलेल्या जनुकापासून बनणारं प्रथिन मेंदूतल्या पेशींच्या जोडांपाशी काम करतं. एक पेशी दुसरीला निरोप देते तेव्हा त्या जोडापाशी नवी प्रथिनं तयार होतात आणि जोड पक्का किंवा सैल होतो. कुठं किती तयार व्हायचं, यावर हे प्रथिन लगाम ठेवतं. वडिलांना जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी येतं, म्हणून मी त्यांना म्हटलं : पाटाला पाणी सुटलंय, पण तुमच्या चारीचं दारच नाही, तर वावरात काय होईल? ते लगेच म्हणाले, “उपळंल की. मुळ्या सडतील.” पाणी जास्त झालं तर कमी करता येईल, ही आशा इथूनच निघाली आणि पुढचं सगळं संशोधन तिच्यावर उभं राहिलं.

नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या संशोधकांनी १९९४ मध्ये हेच जनुक काढून टाकलेला उंदीर तयार केला. त्याच्याजवळ मोठी घंटा वाजवली तर त्याला झटके येतात. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिनं एकदम कणगीकडे पळणाऱ्या आपल्या पोराची आठवण काढली, आणि तिचं चुकलं नव्हतं. आवाजाची अतिसंवेदना माणसात आणि उंदरात दोन्हीकडे दिसते. या आजाराच्या माणसांच्या मेंदूत पेशींवरचे काटे, म्हणजे जिथं जोड बनतात ते उंचवटे, लांब, बारीक, अपक्व असतात, तसेच या उंदरांतही सापडले. पण पाण्याच्या हौदात लपवलेला चौथरा शोधून त्यावर चढायची जी परीक्षा असते, तीत हा उंदीर जवळपास निरोगी उंदरासारखाच शिकतो. ज्या अडचणीमुळं आपण मुलाला दवाखान्यात आणलं, तीच उंदरात पुसट आहे. आणखी एक गोष्ट : उंदरात माणसाइतक्या सीजीजी घातल्या तरी त्याचं जनुक कुलूपबंद होत नाही. म्हणून शास्त्रज्ञांना जनुक काढूनच टाकावं लागलं. मुलाचं जनुक जागेवर आहे, फक्त बंद आहे. आजाराची सुरुवातच उंदरात वेगळी आहे.

२००२ मध्ये किंबर्ली ह्युबर आणि मार्क बेअर यांच्या गटाला दिसलं की या उंदरांत एमग्लूआर-फाइव्ह नावाच्या ग्राहीच्या, म्हणजे पेशीवर निरोप झेलणाऱ्या प्रथिनाच्या, इशाऱ्यानंतरची प्रक्रिया प्रमाणाबाहेर चालते. २००७ मध्ये त्या ग्राहीचं प्रमाण जन्मतःच निम्मं केलेले उंदीर बनवले, तर अनेक दोष सुधारले. त्याआधी २००५ मध्ये याच आजाराच्या फळमाश्यांना तशाच औषधांनी आणि लिथियमनी गुण आला होता. माशी आणि उंदीर दोन्हीकडे एकच उत्तर मिळाल्यावर शास्त्रज्ञांना वाटलं की आता माणसात होणारच. मी तेव्हा शिकत होते. बौद्धिक अक्षमतेवर औषध येणार, हे वाक्य तोवर कुणी मोठ्यानं उच्चारलंही नव्हतं. त्या दिवसांतला उत्साह मला अजून आठवतो.

मग माणसांवरच्या चाचण्या झाल्या. नोव्हार्टिसच्या मॅव्होग्लुरंटच्या दोन चाचण्यांत बारा ते सतरा वर्षांची मुलं आणि प्रौढ मिळून तीनशेहून जास्त जण होते. फरक सापडला नाही. २०१४ मध्ये कंपनीनं हा कार्यक्रम थांबवला. रोशच्या बेसिमग्लुरंटचंही तेच झालं. आर्बॅक्लोफेन नावाचं वेगळ्या मार्गानं काम करणारं औषधही मुख्य कसोटीवर उतरलं नाही.

का उतरली नाहीत, यावर अजून चर्चा चालू आहे. उंदराला औषध लहानपणी दिलं होतं, माणसाला बहुधा उशिरा. उंदरातही औषध रोज दिलं की अंगवळणी पडून परिणाम ओसरतो, हे पुढं दिसलं. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटानं २०१० मध्ये दाखवलं की भीतीशी संबंधित ॲमिग्डाला या भागात दोषाचं रूपच वेगळं आहे आणि त्याच प्रकारचं औषध तिथले काही दोष सुधारतं, काही नाही. म्हणजे एकाच मेंदूत एकीकडे पाणी जास्त आणि दुसरीकडे कमी. हे सगळं लक्षात घेऊन पुढं साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मॅव्होग्लुरंट आणि सोबत भाषेचं भरपूर शिक्षण असं दिलं गेलं. तिथंही औषधानं भाषा वेगानं वाढली नाही.

पण मला या घरासाठी सगळ्यात मोलाची वाटली ती वेगळीच गोष्ट. मॅव्होग्लुरंटच्या चाचण्यांत अर्थातच काही जणांना औषध नसलेली गोळी होती. पालकांना माहीत नव्हतं कुणाला काय मिळतंय. आणि औषध नसलेल्या गटातल्या पालकांनीही मूल सुधारल्याचं प्रश्नावलीत लिहिलं. ते खोटं बोलत नव्हते. मूल वाढत असतंच. आपण लक्ष देऊन पाहायला लागलो की आधी न दिसलेलं दिसतं. शिवाय चाचणीच्या काळात घरातली माणसं मुलाशी जास्त बोलतात. वडिलांनी मला त्या इंजेक्शनच्या दवाखान्याचे व्हिडिओ दाखवले होते, त्यात आया सांगत होत्या, ‘आमचं बाळ आता नजरेला नजर देतं.’ मी त्यांना म्हटलं, या आयांवर माझा विश्वास आहे. पण औषध नसलेली गोळी घेतलेल्या मुलांच्या आयांनीही हेच सांगितलं होतं. व्हिडिओतल्या मुलांना इंजेक्शनासोबत रोज कित्येक तास थेरपीही दिली होती. फरक कशानं पडला, हे त्या व्हिडिओतून कळूच शकत नाही.

बंगळुरू–एडिनबराची बातमी २०१९ मधल्या अभ्यासाची होती. हे प्राणी उंदीर नव्हते, त्यांच्यापेक्षा मोठे रॅट होते. त्यांना पाचव्या आठवड्यापासून पाच आठवडे लोव्हास्टॅटिन दिलं. कोलेस्टेरॉलचं जुनं औषध आहे हे. कोणती वस्तू कुठं आणि कशा परिस्थितीत पाहिली, हे लक्षात ठेवायची त्यांची क्षमता विकसित झाली आणि औषध बंद केल्यावर काही महिने टिकली. अभ्यास अतिशय चांगला आहे. लवकरच्या वयात थोडा काळ केलेला उपचार पुढं टिकू शकतो, हा त्यातला खरा शोध आहे. पण याच औषधावर दहा ते सतरा वर्षांच्या मुलांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही गटांच्या पालकांना व्हिडिओवरून शिकवलं होतं की शब्द नसलेली चित्रांची पुस्तकं घेऊन मुलाशी गोष्ट कशी बोलायची. औषधाचा गट आणि साध्या गोळीचा गट, दोन्ही सुधारले, आणि सारखेच सुधारले. पालकांच्या बोलण्यामुळंच सुधारले, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण तसं न शिकवलेला तिसरा गट नव्हता. पण गोळीनं वेगळं काही दिलं नाही, एवढं नक्की.

राहिली स्टेम सेलची बातमी. गोंधळ सगळ्यात जास्त इथंच होतो, आणि तो घडवून आणणारेही आहेत.

जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना पुन्हा मूळ अवस्थेला नेलं. २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं. आता एखाद्या मुलाच्या रक्तातून किंवा त्वचेच्या चिमूटभर तुकड्यातून अशा पेशी बनवून प्रयोगशाळेत त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी वाढवता येतात. उंदीर जिथं कमी पडतो तिथं याचा उपयोग. मुलाची खरी सीजीजी, त्यावरचं खरं कुलूप, सगळं त्या बशीत असतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या रुडॉल्फ येनिश यांच्या प्रयोगशाळेनं अशा पेशींतलं कुलूप नेमक्या त्याच जागी काढलं. जनुक जागं झालं, त्या पेशींपासून बनलेल्या चेतापेशींचा अतिरेकी विद्युत गोंगाट शांत झाला, आणि त्या पेशी उंदराच्या मेंदूत सोडल्यावरही जनुक चालू राहिलं. मामानं वाचली ती बातमी हीच.

२०२१ मध्ये आणखी एक महत्त्वाचा निष्कर्ष आला. फ्रॅजाइल एक्सच्या माणसांच्या पेशींपासून मसुराएवढे मेंदूसदृश गोळे वाढवले, त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. उंदरात चाललेलं एमग्लूआर-फाइव्हचं औषध या गोळ्यांमधले वाढीचे दोष सुधारू शकलं नाही. पीआय-थ्री-के नावाच्या वेगळ्या साखळीला रोखणारं औषध सुधारू शकलं. ही माहिती माणसांवरच्या चाचण्यांच्या आधी हाताशी असती, तर कितीतरी घरांची धावपळ वाचली असती असं मला वाटतं. अर्थात या गोळ्याला रक्तवाहिन्या नसतात, कान नसतात, हलगी ऐकू येत नाही, त्याला कुणी गोष्ट सांगत नाही. त्यात सुधारलेला दोष हा पेशींच्या वाढीतला आहे, एखाद्या मुलाच्या वागण्यातला नाही.

आणि इंजेक्शन? त्या दवाखान्यात मुलाच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढून, त्यातल्या पेशी वेगळ्या करून पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सोडणार होते. त्या रक्त बनवणाऱ्या पेशी आहेत, त्यांच्यापासून मेंदूची पेशी होत नाही. पण वडिलांना पटलं ते दुसऱ्या गोष्टीवरून. मी विचारलं, या पेशी कुणाच्या? “लेकराच्याच.” त्यांच्यात हे जनुक चालू आहे की बंद? ते थांबले. मग म्हणाले, “बंदच असंल की. त्याच्याच हायेत त्या.”

तेच. मुलाच्या प्रत्येक पेशीत बंद जनुक आहे, म्हणूनच त्याची पेशी प्रयोगशाळेत आजाराचा अभ्यास करायला अमोल आहे. आणि नेमकं त्याच कारणानं तीच पेशी जशीच्या तशी परत टोचून हा आजार जाऊ शकत नाही. अमेरिकेतल्या प्रयोगात आधी कुलूप काढलं होतं. इथं कुलपासकट पेशी इकडून काढून तिकडं टाकणार होते आणि त्याचे पैसे घेणार होते.

कायद्याची बाजूही मी सांगितली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा कोणताही वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. स्वमग्नतेसाठी ही पद्धत वापरू नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळानंही २०२२ मध्ये सांगितलं आहे. चाचणी खरी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक असतो आणि सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. मामानं त्या दवाखान्याला फोन करून क्रमांक मागितला. “तुम्ही आधी येऊन भेटा,” असं उत्तर आलं.

इसार झाला नाही.

मुलाचं पुढं काय केलं, ते थोडक्यात. कानात पाणी साचत होतं, त्यावर उपचार झाला, ऐकण्यात लगेच फरक पडला. नजरेला नजर देण्याची सक्ती बंद केली. थेरपिस्ट आणि आई आता समोर न बसता त्याच्या बाजूला बसतात. एकेका अक्षरापेक्षा अख्खा शब्द चित्रासारखा ओळखणं त्याला जमतं, म्हणून घरातल्या डब्यांवर आईनं शब्द चिकटवले. साखर, शेंगदाणे, तूर. शब्द नसलेली चित्रं घेऊन रोज संध्याकाळी गोष्ट बोलायची, हे आजोबा करतात. शेतावर नीट चालता येत नाही, पण नातवाजवळ बसता येतं. फ्रॅजाइल एक्सचे उंदीर खेळणी, बोगदे, सोबती असलेल्या समृद्ध पिंजऱ्यात वाढले की त्यांच्या पेशींवरचे काटे आणि वागणं दोन्ही सुधारतं, असं २००५ मध्ये दिसलं होतं. उंदरांचा हा निष्कर्षही मी त्याच सावधपणे सांगितला. फरक इतकाच की हा उपाय करायला जमीन विकावी लागत नाही, आणि चुकला तरी मुलाचं काही बिघडत नाही. युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघालं. ‘निरामय’ या आरोग्य विम्याचा अर्ज भरला, त्यात वर्षाला एक लाखापर्यंतच्या उपचारात थेरपीचाही समावेश आहे. आजोबांच्या थरथरीला आता ‘एफएक्सटास’ (वाहकांना उतारवयात होणारा आजार) असं खरं नाव मिळालं, आणि उपयोग नसलेल्या गोळ्या मेंदूविकारतज्ज्ञांनी कमी केल्या.

सासूबाईंचा रिपोर्ट वाहक असा आला. त्यांनी तो स्वतः घरात सांगितला, सुनेसमोर. मी तिथं नव्हते, आईनं मला नंतर सांगितलं. त्या दिवसापासून तिच्या माहेराचा उद्धार थांबला.

आईला दुसरं मूल हवं आहे. तिला मी सांगितलं आहे की दिवस राहिल्याचं कळताच यायचं. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन तपासता येतं, आणि त्या तपासणीनंतर काय करायचं हे तिचं आणि नवऱ्याचं ठरेल, घरातल्या इतर कुणाचं नाही. मुलाच्या रक्ताचा नमुना संशोधनासाठी द्यायला दोघं तयार आहेत. त्यातून त्याला स्वतःला काही मिळणार नाही, हे मी दोनदा सांगितलं, तरीही.

सगळ्यात अवघड राहिलंय ते वडिलांच्या धाकट्या बहिणीचं. ती सेलूला दिलेली आहे, लग्नाला वर्ष झालंय. तिची आई, म्हणजे सासूबाई, वाहक, तेव्हा तिला ती प्रत मिळाली असण्याची शक्यता निम्मी. सासरी हे कळलं तर काय होईल, या धास्तीनं घरच्यांनी तिला अजून काहीच सांगितलेलं नाही. तिला सांगायचा हक्क फक्त तिच्या आईला आहे, आणि सांगायला हवं हे आईलाही पटलं आहे. दिवाळीला ती माहेरी येते. सासूबाईंनी मला विचारलंय, “तवा घिऊन येऊ का तिला, एकटीला?” मी हो म्हटलं आहे.